वरच्या गटात

४ जानेवारी १९९९
टिमियस मामा म्हणतो, मोठे लिफ्टर रोज लिहून ठेवतात. काय खाल्लं, काय उचललं, किती झोपले. म्हणून आजपासून रोजनिशी. वय बावीस. गट ६९ किलो. वजन ७१, पण ते जेवणानंतरचं. ध्येय : सिडनी ऑलिम्पिक, पुढच्या वर्षी.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ आणि माझा कोच. ऐवोला फॉस्फेटच्या जुन्या वर्कशॉपशेजारी त्याची पत्र्याची शेड आहे, तिला आम्ही जिम म्हणतो. नाउरूत फुटबॉल सगळेच खेळतात. पण जगात बेटाचं नाव काढायचं तर लोखंड उचलावं लागतं, असं मामा म्हणतो. माझंही तेच मत आहे.

आजपासून भात अर्धा. बीफचे डबे बंद. पहाटे पळणे.

५ जानेवारी
पळालो. आमच्या बोए वस्तीच्या वळणावर कुत्र्यांनी गाठलं. पळणं जिममध्येही करता येईल. मामा म्हणाला, "कुठे पळणार गाढवा, मधे लोखंड आहे."

१७ मार्च
स्नॅच ११०! म्हणजे बार डोक्यावर गेला होता. तिथे थांबला नाही, एवढंच. मामा असा बार मोजत नाही. मी मोजतो. शेवटी गेला होता की नाही?

स्नॅच हा माझा खरा प्रकार. एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर, संपलं. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्या, उभे राहा, मग डोक्यावर न्या. मधे विचार करायला वेळ मिळतो. माझ्यासारख्या माणसाला विचार घातक.

२ ऑगस्ट
आईने नॉडी पक्षी भाजले. डझनभर. मी म्हणालो, वजन वाढेल. आई म्हणाली, "तू वाळलास तर लोक म्हणतील हिच्या घरचे मासे संपले." आईचं मन मोडणं बरं नाही. मामाला कळवलं नाही. मामाच तिथे बसून खात होता.

१२ मे २०००, संध्याकाळी
आज निवडस्पर्धा. दुसऱ्या बेटावर, दुसऱ्यांच्या काट्यावर.

सकाळी वजन ६९.६. मामाने मला तीन जर्सी घातल्या, वर प्लास्टिकची पिशवी, आणि काचा बंद करून गाडीत उन्हात बसवलं. मग थुंकायला लावलं. मग डोकं भादरलं. ६९.१. मामाने काट्यावरच्या माणसाला विचारलं, "एवढं शंभर ग्रॅम कुठे दिसतंय तुम्हाला?" तो म्हणाला, काट्यावर.

वेळ संपली. मला स्टेजवर जाताच आलं नाही. परतताना विमानात मीच मामाला समजावलं. माझी हाडं जड आहेत. ६९ हा गट माझ्या सांगाड्यावर अन्याय होता. ७७ हा माझा नैसर्गिक गट. एका अर्थी आज मी वरच्या गटात गेलो. याला प्रगती म्हणतात.

एकच अडचण. आईने सगळ्या बोएला सांगून ठेवलंय की झेकी टीव्हीवर दिसणार.

१५ सप्टेंबर २०००
ऑलिम्पिकचं उद्घाटन. आईने चर्चला जातानाचा फुलाफुलांचा झगा घातला आणि टीव्हीसमोर बसली. शेजारपाजारचे सगळे आले होते. आपली माणसं झेंडा घेऊन आली, चटकन गेलीसुद्धा. आई म्हणाली, "तू कुठेयस?" मी म्हणालो, "हा काय, तुझ्याशेजारी." सगळे हसले. आई हसली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी तिकडे बस."

नक्की. अथेन्स, २००४. लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर २००२
लग्न झालं. बायको रोव्हेना, बालवाडीत शिकवते. हुशार आहे, पण लिफ्टिंगमधलं कळत नाही. काल विचारत होती, "तू नेमका केव्हापासून ऑलिम्पिकला जाणारेस?" मी म्हणालो, पहिल्यापासून.

२१ फेब्रुवारी २००३
रोव्हेनाचा धाकटा भाऊ टायोन जिममध्ये यायला लागला. बंदरावर हमालीला आहे. बारीक, काटक. वजन ६१. मी त्याला सगळं शिकवायचं ठरवलंय. त्याने आज स्नॅच ८० केला. पहिल्याच महिन्यात! मी त्याला सांगितलं, घाई करू नको, अशाने खांदे जातात. "बरं दाजी," म्हणाला. नम्र आहे.

८ जुलै २००३, सुवा
पदक!!! ७७ किलोत ब्राँझ. स्नॅच १०५, जर्क १३५, एकूण २४०. गटात आम्ही तिघं होतो. पण पदकावर ते लिहिलेलं नसतं.

२६ ऑक्टोबर २००३
वजन ८१. सणाचे दिवस आहेत. पदक आईने समोरच्या खोलीत टांगलंय, येणाऱ्या प्रत्येकाला हात लावायला लावते, आणि आलेल्याला जेवायला घालते, आणि मी सोबत जेवतो. हा पदकाचा दुष्परिणाम आहे. कुणी सांगत नाही.

३ मार्च २००४
अथेन्सच्या निवडीत काट्यावर ७८.४. यावेळी डोकं भादरून घ्यायला मीच नकार दिला. माणसाला काही स्वाभिमान असतो.

विचारपूर्वक निर्णय : ८५. मामा म्हणाला, "झेकी, गट वाढतोय, आकडा वाढत नाहीये. ८५ वाले तुझ्यापेक्षा साठ किलो जास्त उचलतात." मी म्हणालो, म्हणूनच तिथे शिकायला मिळेल. मामा बाहेर जाऊन बराच वेळ समुद्राकडे बघत उभा होता. त्यालाही पटलं असावं.

१९ डिसेंबर २००५
इतिहास घडला. वजन ८४.७. अर्धा भात, बीफ बंद, कुत्र्यांना काठी दाखवून रोज पळालो. आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी गटाच्या आत. परवा स्पर्धेला निघायचं होतं. टायोन, मी, मामा.

विमान नाही. बेटाचं एकच विमान, ते परदेशात अडकलं. कधी सुटेल कुणाला माहीत नाही. विमानतळावर गेलो तर तिथला माणूस धावपट्टीवर कुत्री हाकलत होता. त्याला विचारलं, आम्ही आता काय करायचं? तो म्हणाला, "पोहता येतं का?"

रोव्हेना म्हणाली, "विमान येईपर्यंत असाच राहा हं, ८४.७." माझी थट्टा करते. पण बरोबर आहे. असाच राहायचं ठरवलं.

२७ डिसेंबर
८७.९. नाताळ होता.

टायोनचं वजन ६१.८. त्याचं वाढतच नाही, बिचाऱ्याचं. आज बंदरावर भेटला. म्हणालो, वाईट वाटून घेऊ नको, आपल्याला अजून खूप संधी आहेत. तो पोती उचलत होता. म्हणाला, "हो दाजी, बोटीने गेलो असतो तरी चाललं असतं." मी हसलो. तो थट्टा करत नव्हता हे मागाहून कळलं. तो खरंच बोटीची चौकशी करून आला होता.

११ जून २००७
आईच्या पायाचं बोट काढलं. साखर. डॉक्टर म्हणाले, जखम भरली तर ठीक.

वीज नाही, त्यामुळे जिमही बंद. ही विश्रांतीच समजायची. मोठे लिफ्टर विश्रांतीला फार महत्त्व देतात.

३ ऑक्टोबर
आईचा पाय घोट्याच्या वर काढला. आता तिला पलंगावरून खुर्चीत मीच ठेवतो. रोव्हेनाने नर्सकडून पद्धत शिकून घेतली होती, पण आईला मीच लागतो. पाठ सरळ, जोर पायांत, बार अंगालगत, असं मामा शिकवतो. बारच्या जागी आई. ती माझ्या मानेला धरते आणि म्हणते, "हं, आता उचल." हलकी झालीय. पहिल्या दिवशी मी जास्त जोर लावला, तर ती एकदम वर आली आणि दोघंही घाबरलो.

१४ जानेवारी २००८
गट बदलला. ९४. यामागे शास्त्र आहे, पण आत्ता लिहायला वेळ नाही.

आईने विचारलं, "यंदा कुठे असतं रे ते?" म्हणालो, बीजिंग. "तू जाणार ना?" म्हणालो, बहुतेक. मग तिने रोव्हेनाला बोलावून सांगितलं, की त्याच्या कोटाला बटणं लावायला माझ्याकडे दे, दुसरीकडे देऊ नको. खेळाडूंना देतात तो कोट. रोव्हेना "हो" म्हणाली. बाहेर आल्यावर माझ्याकडे बघितलं नाही.

२९ मार्च
निवडस्पर्धा. सहावा. सहा जणांत. जर्कचे तीनपैकी दोन प्रयत्न वाया गेले. स्टेज उतरतं होतं. टायोनचा खांदा दुखावला, तोही राहिला. मी त्याला २००३ लाच सांगितलं होतं.

आईला सांगितलं, निकाल अजून यायचाय.

६ मे २००८
आई गेली. सकाळी.

मी तिला खुर्चीत ठेवायला गेलो होतो.

८ मे
तिला नेताना आम्ही सहा जण होतो. मामा म्हणाला, तू पुढे राहा. टायोन माझ्या मागे होता, खांदा बांधलेला, तरी आला. माझ्या बाजूला भारच जाणवला नाही. मागून टायोन सगळं घेत होता का, कोण जाणे.

२४ ऑगस्ट
ऑलिम्पिक होऊन गेलं म्हणे. बघितलं नाही. रेडिओही बंद होता.

२ फेब्रुवारी २०१०
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधल्या काळाला 'बांधणीचा टप्पा' म्हणायचं ठरवलंय. वजन १०१. लक्ष्य लंडन, गट १०५. आजपासून भात अर्धा.

३ फेब्रुवारी
रोव्हेना म्हणाली, "अर्धा कशाचा? पातेल्याचा?"

१९ मे २०१२
आमचा संघ ओशनिया स्पर्धेत सहावा. पहिल्या पाच संघांना ऑलिम्पिकची एकेक जागा. म्हणजे एका जागेने हुकली. टायोनने ६२ किलोत रौप्य घेतलं. जागा मिळाली असती तर तोच जाणार होता. मी आठवा आलो. गुडघ्यातून आवाज येतो, पाव तोडल्यासारखा.

परतताना मामाने मला बाजूला घेतलं. मामा आता सत्तरीचा. म्हणाला, "झेकी, पुरे आता. ये जिममध्ये, माझ्या हाताखाली नवीन मुलांना शिकव. प्लेटा चढव-उतरव. मला होत नाही." मी म्हणालो, मामा, मी स्पर्धक आहे, प्लेटा चढवणारा नाही. तो म्हणाला, "त्याही उचलाव्याच लागतात." मामाचा विनोद.

७ नोव्हेंबर २०१३
मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन तीस किलोने कमी करा. मी विचारलं, किती दिवसांत? म्हणाले, आयुष्य पडलंय. मी मनात हिशोब केला. तीस गेले तर ८५ गटात पुनरागमन! घरी येऊन रोव्हेनाला ही योजना सांगितली. ती वाटी धूत होती. तशीच उभी राहून म्हणाली, "तुझ्या आईचं सगळं मी केलंय, झेकी. तुझं मला करायला लावू नको."

असं निराशेचं बोलणं खेळाडूच्या घरात असू नये. उद्यापासून चालणे.

१० नोव्हेंबर
पाऊस.

१८ नोव्हेंबर २०१५
आनंदाची बातमी! मामा स्वतः घरी आला. काठी टेकत. पुढच्या मेमध्ये ओशनिया स्पर्धा, परदेशात, नाडी शहरात. संघात आठ जण लागतात, प्रत्येकाचे गुण धरले जातात. १०५ च्या वरच्या गटाला बेटावर माणूस नाही. दोघं ऑस्ट्रेलियात गेले, एकाची पाठ गेली. मामा म्हणाला, "तूच उरलायस."

मला ऐकू आलं ते असं : तूच आहेस.

वय एकोणचाळीस. वजन ११८. आयुष्यात पहिल्यांदा काट्याची भीती नाही. १०५ च्या वर कितीही चालतं! इतकी वर्षं मी ज्या गटाकडे निघालो होतो तो हाच असणार. याच्या वर गट नाही.

मामाने दोनदा सांगितलं, "तुला जिंकायचं नाहीये. त्या गटात मोजकेच येतात. तू काहीही उचल, एक स्नॅच, एक जर्क, की गुण मिळाले. गुण मिळाले की आपण पाचात. पाचात आलो की टायोन ऑलिम्पिकला जाणार. त्याला एकतीस लागलंय. यानंतर त्याला नाही जमायचं." मी म्हणालो, कळलं.

१९ नोव्हेंबर
टायोन आला होता. सोबत टूना आणला. म्हणाला, "दाजी, गुडघा कसाय?" म्हणालो, लोखंडी. तो खाली बसला आणि माझ्या गुडघ्याला पट्टी कशी बांधायची ते दाखवू लागला. मीच त्याला कधी काळी शिकवलेलं. आता त्याची पद्धत जास्त चांगली आहे, हे कबूल करायला हरकत नाही. बांधून झाल्यावर माझ्या पायावर थाप मारून म्हणाला, "दोनशे चाळीस झाले तरी खूप झाले." मला वाईट वाटलं. माझ्याबद्दल एवढीच अपेक्षा!

२८ जानेवारी २०१६
मामाचा जिममधून फोन. नावं पाठवायची आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे तो एकूण किती उचलेल त्याचा अंदाजे आकडा लागतो. विचारलं, "तुझा किती लिहू? अडीचशे?"

गेल्या आठवड्यात स्नॅच ११०, जर्क १४०. थंडीत. (थंडी म्हणजे पंखा होता.) मेपर्यंत चार महिने आहेत. शिवाय तो आकडा सगळ्या देशांच्या कोचना दिसतो. अडीचशे वाचून ते हसले असते. म्हणालो, तीनशे.

मामा म्हणाला, "झेकी, तीनशे तू कधी उचललेस?"

म्हणालो, मामा, मी नेहमीच तीनशेचा माणूस आहे, फक्त अजून उचललेले नाहीत.

"थांब जरा," म्हणाला आणि फोन ठेवला. परत केला नाही. म्हणजे पटलं.

२० फेब्रुवारी
सराव जोरात. गुडघ्यामुळे बसून करायचे प्रकार बंद, उभ्याने करायचे प्रकार पाठीमुळे बंद. उरलेले सगळे चालू.

१६ एप्रिल
जर्क १४५ जवळजवळ.

२५ मे, नाडी, सकाळी
आज एक नियम कळला. कोणत्या शहाण्याने काढला माहीत नाही. नाव देताना जो आकडा सांगितला, त्याच्यापेक्षा फार तर वीस किलो कमीने सुरुवात करता येते. म्हणजे माझा पहिला स्नॅच आणि पहिला जर्क मिळून २८० च्या खाली नको. आणि एकदा सुरू केलं की बारवरचं वजन वाढतं, कमी होत नाही.

मामाला हा नियम माहीत होता. त्याने हॉटेलच्या नॅपकिनवर बराच वेळ आकडेमोड केली. स्नॅच ११५, जर्क १६५. दोन्हीपैकी एक तरी सोपं पाहिजे ना, म्हणाला. मी म्हणालो, काळजी करू नको, १६५ हा माझा जुना आकडा आहे. तो म्हणाला, "कुठला जुना?" उत्तर देण्याइतका वेळ नव्हता, ब्रेकफास्ट संपत आला होता.

टायोनचं काल झालं. ६२ किलोत सुवर्ण. आमचं राष्ट्रगीत वाजलं, मामा रडला. बाकीचे सहाही नीट झाले. हिशोब असा : मी शून्य आणलं नाही की आम्ही पाचवे.

२५ मे, संध्याकाळी
गटात चार जण. स्नॅच ११५. पहिला वाया गेला. दुसरा वर गेला आणि थांबला! खरंच थांबला. तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना मान्य. प्रेक्षकांत आमचे सगळे उभे राहून नाचत होते, टायोन दोन्ही हात डोक्यावर धरून. मला वाटलं, आई असती तर. मग वाटलं नको, अजून जर्क आहे.

जर्क १६५. पहिला : बार गुडघ्याच्या वर आला आणि परत गेला. त्याला यायचंच नव्हतं.

दुसरा : खांद्यावर घेतला. खाली बसलेला होतो. तिथून उठताच येईना. किती वेळ बसलो माहीत नाही. समोरचे पंच ओळखीचे वाटायला लागले. मग बार पुढे सोडला.

आत आलो. मामाने माझा गाल ओढला, लहानपणी ओढायचा तसा. गुडघ्याची पट्टी टायोनने सोडली आणि परत बांधली. गाठ दोनदा सुटली. मी म्हणालो, घाबरू नको, दोन प्रयत्न अंदाज घेण्यात गेले. तो म्हणाला, "दाजी, नुसते उभे राहा. उभे राहिलात की पुढचं होईल."

तिसरा. खांद्यावर घेतला. बसलो. गुडघ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. आणि उभा राहिलो. १६५ किलो खांद्यावर घेऊन मी उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा. हॉलमध्ये अनोळखी लोक ओरडत होते. आता फक्त डोक्यावर न्यायचा.

मी आधीच लिहिलंय, क्लीन अँड जर्कमध्ये विचार करायला वेळ मिळतो. विचार आला की हा वर गेला तर टायोन जाणार. नंतर दिवे दिसले, छताचे. मी पाठीवर होतो. बार कुठे गेला ते बघितलं नाही.

२६ मे
संघ सहावा. दोन गुणांनी.

कारणं : ब्रेकफास्टला अंडी नव्हती. प्लॅटफॉर्म निसरडा. नियम जुनाट. अजून एक होतं, आठवत नाही.

२७ मे, विमानात
फेडरेशनच्या माणसाने विमानतळावर सगळ्यांसमोर विचारलं, तीनशेचा आकडा कोणी लिहिला? मामा म्हणाला, "मी. माझी चूक." बाकी पोरं मामाकडे बघत राहिली. मामा फार मोठ्या मनाचा. आणि तसं बघितलं तर पेन त्याच्याच हातात होतं.

टायोनने माझी बॅग घेतली, स्वतःची घेतली, मला पाय पसरता यावा म्हणून कडेची सीट दिली. पूर्ण प्रवासात दोन वाक्यं बोलला. "पाय वर ठेवा." आणि "पाणी आणू?"

४ जून
गुडघा फुगलाय. कुणी काही म्हणत नाही. मी दुकानात गेलो तर लोक विचारतात, पाय कसाय? मामाबद्दल मात्र म्हणतात, म्हातारा झाला, आकडे कळत नाहीत आता. मी म्हणालो, हो, सत्तरीच्या पुढे होतं असं.

पुढचा विचार केला पाहिजे. वयस्करांच्या स्पर्धा असतात म्हणे, पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांनी एक गट. म्हणजे काही न करता माणूस वरच्या गटात जातो. चौकशी करायला हवी.

११ जून
मामाने जिमची किल्ली टायोनकडे दिली. शेडमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणाला. लोकांनी पाठीमागे बोललेलं त्याच्या कानावर आलं. त्याच्या घरी गेलो, तर बाकावर बसून होता. मी म्हणालो, मामा, मनाला लावून घेऊ नको. तो म्हणाला, "नाही लावत." मग म्हणाला, "तू उठलास रे त्या दिवशी. १६५ घेऊन. मी बघितलं."

१२ जून
रोव्हेना नाडीपासून कामापुरतंच बोलत होती. आज भात वाढला, अर्धा, आणि समोर बसली. म्हणाली, "टायोनला सांगितलंस?"

काय?

"की आकडा तुझा होता."

मी म्हणालो, गोष्ट इतकी सरळ नाही. नियम, प्लॅटफॉर्म, मामाने फोन परत केला नाही... ती ऐकत होती. बालवाडीतल्या पोरांचं ऐकते तसं, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "माझा भाऊ गेला नाही तर नाही. पण म्हाताऱ्याला लोक हसतायत, झेकी."

मी म्हणालो, सांगतो. गुडघा बरा झाला की.

"तो अनिबारेच्या धक्क्यावर आहे. बोट आत्ताच आलीय. मी सोडते तुला."

१२ जून, संध्याकाळी
टायोन धक्क्यावर टूना साफ करत होता. रोव्हेना मला सोडून निघून गेली. थांबली नाही. मी लंगडत गेलो, दोरांच्या ढिगावर बसलो. गुडघ्याबद्दल थोडं बोललो. वाऱ्याबद्दल. तो "हं, हं" करत होता.

मग म्हणालो, तो तीनशेचा आकडा मामाचा नव्हता, मी सांगितला होता.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "माहितेय दाजी. मी तिथेच होतो जिममध्ये. मामाने फोन ठेवला आणि मला विचारलं, काय करू, गुपचूप अडीचशे लिहू? तुझ्या जागेचा प्रश्न आहे, तू सांग."

मग?

"मी म्हणालो, तीनशेच लिही."

मी विचारलं, का रे?

त्याने मासा उलटा केला. दुसऱ्या बाजूने सुरी चालवली.

"तुम्ही इतकी वर्षं सांगत होता," म्हणाला. "मला वाटलं, एकदा तरी उचलाल."

मी काहीतरी बोलणार होतो. गुडघ्याचं, प्लॅटफॉर्मचं.

त्याने अर्धा मासा कागदात बांधून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "ताईला द्या. उद्या मामाकडे मी जातो, तुम्हीही चला." मी हो म्हणालो. मग हात धुऊन त्याने मला उठवलं. काखेत हात घालून, पाठ सरळ ठेवून, सहज.

घरी आलो. रोव्हेनाने विचारलं, काय म्हणाला?

म्हणालो, मासा दिला.